एका जॉयस्टिकवर तीन युरोपी विमानं: स्पिटफायर, ए-३२० आणि विगेन घरच्या सिम्युलेटरवर कशी उडवायची

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायर आणि फ्रान्समधल्या तुलूझला तयार होणारं एअरबस ए-३२० ही दोन्ही विमानं एकाच टेबलावर, एकाच जॉयस्टिकने उडवता येतात. एकाच सवयीने मात्र येत नाहीत. स्पिटफायरमध्ये हात आणि पाय सतत चालू लागतात, बारीक बारीक. ए-३२० मध्ये हात थांबवता आला पाहिजे, कारण तिथे सतत हालचाल केली की वैमानिक विमानाच्या संगणकांशीच झुंजत बसतो. नवशिक्यांच्या बऱ्याचशा चुका एका विमानाची सवय दुसऱ्यात नेल्यामुळे होतात. म्हणून इथे बटणांइतकाच भर सवयीवर दिला आहे.

आधी यंत्रसामग्री

स्पिटफायरसाठी डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर घ्या. मूळ प्रोग्रॅम फुकट आहे. स्पिटफायर एलएफ मार्क ९ विकत घ्यावं लागतं, पण डीसीएसमध्ये विमानं १४ दिवस मोफत वापरून बघता येतात. आधी ते करा. ए-३२० साठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि त्यात फ्लायबायवायर गटाचं ए-३२ एनएक्स. हेही मोफत आहे, आणि फुकटच्या विमानात इतकं काटेकोर काम क्वचित बघायला मिळतं. दोन्ही सिम्युलेटर एसएसडीवरच टाका. रॅम ३२ जीबी असली तर दोन्ही सुखाने चालतात.

जॉयस्टिक मध्यम किमतीची चालेल. पैसे उरत असतील तर ते महागड्या स्टिकवर न घालता रडर पेडलवर घाला (रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू). पेडल नसतील तर निदान मूठ पिळून रडर चालवता येईल अशी स्टिक हवी, कारण रडरशिवाय स्पिटफायर धावपट्टीवर सरळ राहणार नाही. डोकं वळवलं की कॉकपिटमधली नजर वळावी, यासाठी ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्रॅम साध्या वेबकॅमवर काम करतो. स्पिटफायर उतरवताना त्याचा फार उपयोग होतो.

डीसीएसची एक खोड आधीच माहीत असू द्या. नवं विमान टाकलं की तो प्रोग्रॅम स्टिक, थ्रॉटल, पेडल अशा प्रत्येक उपकरणाला स्वतःच अक्ष जोडून टाकतो. मग एकच रडर दोन ठिकाणांहून ओढला जातो आणि विमान विनाकारण एका बाजूला वळतं. ‘विमान बिघडलंय’ अशी तक्रार बहुधा यातूनच येते. कंट्रोल्सच्या पानावर अ‍ॅक्सिस विभागात जाऊन जादा जोडण्या पुसा आणि पिच (नाक वर-खाली), रोल (पंख झुकवणं), रडर, थ्रॉटल, प्रोपेलरचा आरपीएम लीव्हर आणि चाकांचा ब्रेक एवढेच अक्ष हाताने जोडा.

मग अ‍ॅक्सिस ट्यून उघडा. खऱ्या स्पिटफायरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा भाग) फारच हलका होता, आणि टेबलावरच्या आखूड स्टिकवर तो आणखी हलका लागतो. पिचला १५ ते २० कर्व्हेचर (मध्याजवळची हालचाल सौम्य करणारा वाक) द्या, रडरला १० ते १५, डेडझोन (मध्याजवळचा निष्क्रिय पट्टा) २ ठेवा. ए-३२० साठी उलट करा: रेषा सरळच ठेवा, कर्व्ह देऊ नका, फक्त छोटा डेडझोन ठेवा म्हणजे स्टिकच्या थरथरीने ऑटोपायलट सुटणार नाही.

स्पिटफायर: इंजिन सुरू करणं

सरावासाठी डीसीएससोबत मोफत येणाऱ्या कॉकेशस नकाशावरचा कोबुलेती किंवा कुताइसी तळ घ्या. इंग्लंडच्या गवती मैदानांचे नकाशे वेगळे विकत मिळतात, ते नंतर. स्पेशल या पानावर ऑटो रडर आणि टेकऑफ असिस्ट बंद करा. त्या मदतीने विमान उडतं खरं, पण पाय काही शिकत नाहीत.

मार्क ९ मध्ये मर्लिन ६६ इंजिन आहे: १२ सिलिंडर, २७ लिटर, दोन टप्प्यांचा आणि दोन वेगांचा सुपरचार्जर. सुरू करण्याचा क्रम असा. इंधनाचा कॉक चालू. थ्रॉटल साधारण इंचभर पुढे. प्रोपेलरचा लीव्हर पूर्ण पुढे. सुपरचार्जर ऑटोवर, रेडिएटर ऑटोवर. इंधनाचा कट-ऑफ लीव्हर अजून बंदच ठेवा आणि मग बूस्टर पंप चालू करा. कट-ऑफ उघडा असताना पंप चालू केला तर पेट्रोल सरळ इंजिनात जाऊन ते तुंबतं. आता प्रायमर (इंजिनात पेट्रोल फवारणारा हातपंप) सोडवून थंड इंजिनाला चार-पाच दट्टे मारा. नुकतंच बंद केलेलं गरम इंजिन असेल तर एकही नको. दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) चालू करून स्टार्टर आणि बूस्टर कॉइल ही दोन्ही बटणं एकदम दाबून धरा. इंजिनाने पेट घेतला की कट-ऑफ उघडा, बटणं सोडा आणि प्रायमर पुन्हा घट्ट बसवा.

इंजिन धडधडून लगेच बंद पडलं तर बहुतेक वेळा कट-ऑफ उघडायला उशीर झालेला असतो. मुळीच पेटलं नाही तर प्रायमिंग कमी पडलंय. अगदीच जमेना तर डावी विंडोज की आणि होम एकत्र दाबा, डीसीएस सगळा क्रम स्वतः करून दाखवतो. तो बघून शिकणंही वाईट नाही.

अर्धा मिनिट संथ चालवून आरपीएम १००० ते १२०० वर आणा. तेल १५ अंश आणि कूलंट ४० अंश सेल्सिअसला पोचलं की विमान तयार. इथे रेंगाळू मात्र नका. रेडिएटर पंखांखाली आहेत आणि जमिनीवर त्यांना पुरेसा वारा मिळत नाही. उन्हाळी हवामानात टॅक्सी करत बसलात तर उडण्याआधीच कूलंट उकळतं.

धावपट्टीवरचे पहिले ३०० मीटर

अवघड भाग हाच. कारणं कळली की उपाय लक्षात राहतात.

शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे नाक थोडं जरी वळलं तरी मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वळण वाढत जातं. त्यात स्पिटफायरची मुख्य चाकं एकमेकांच्या फार जवळ आहेत आणि शेपटीचं चाक मोकळं फिरतं, त्याला कुलूप नाही. शिवाय प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून शक्ती वाढवली की नाक डावीकडे जातं. शेपूट उचलली जाते त्या क्षणी, फिरत्या प्रोपेलरच्या जायरो परिणामामुळे, ते आणखी डावीकडे जातं.

म्हणून आधी रडर ट्रिम (हात-पायांवरचा सततचा जोर कमी करणारी जोडणी) पूर्ण उजवीकडे घ्या आणि एलिव्हेटर ट्रिम एक खूण नाक-खाली. फ्लॅप (पंखांमागचे खाली उघडणारे पट्टे) बंद. स्पिटफायरच्या फ्लॅपला ‘पूर्ण बंद’ आणि ‘पूर्ण उघडे’ एवढ्या दोनच स्थिती आहेत, त्यामुळे उड्डाण घेताना ते वापरतच नाहीत. धावपट्टीवर सरळ उभे राहिल्यावर चार-पाच मीटर पुढे सरका, म्हणजे शेपटीचं चाक सरळ होईल. ही पायरी चुकवली की पहिल्याच सेकंदाला विमान तिरकं निघतं.

आता थ्रॉटल सात-आठ सेकंद घेऊन हळूहळू पुढे न्या आणि बूस्ट (सुपरचार्जरने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) +८ च्या आसपास थांबवा. इंजिन +१८ देऊ शकतं, पण रिकाम्या विमानाला एवढं नको आणि नवख्या पायांना ते झेपत नाही. उजवं पेडल थ्रॉटलच्या सोबतच पुढे जाऊ द्या, नाक वळण्याची वाट बघू नका. मग पायांचं काम छोटे छोटे टोले देण्याचं: थोडं उजवं, सोड, थोडं डावं, सोड. पेडल दाबून धरून ठेवलं की विमान परत येताना दुसऱ्या बाजूला दुप्पट जातं. स्टिकही किंचित उजवीकडे लागते, कारण प्रोपेलरची प्रतिक्रिया डावा पंख खाली दाबते.

शेपूट फार वर उचलू नका, प्रोपेलरचं टोक जमिनीला लागेल. थोडी उचलली आणि तशीच धरली की ताशी ९० ते १०० मैलांवर विमान स्वतःच जमीन सोडतं. चाकं १६० मैलांच्या आत वर घ्या. खऱ्या विमानात चाकांचा लीव्हर उजव्या हाताला होता आणि त्यासाठी स्टिक डाव्या हातात घ्यावी लागे. घरी ते एका बटणावर ठेवा.

चढताना +१२ बूस्ट आणि २८५० आरपीएम, आरामात उडताना +७ आणि २६५०. पूर्ण ३००० आणि +१८ फक्त पाच मिनिटांसाठी. शक्ती वाढवताना आधी आरपीएम वाढवा, मग बूस्ट. कमी करताना आधी बूस्ट, मग आरपीएम. उलट केलं की कमी फेऱ्यांवर जास्त दाब येऊन इंजिनाला मार बसतो. चढाईत कूलंट १२५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. जायला लागलं तर नाक खाली करून वेग वाढवा, वारा मिळाला की ते उतरतं. शक्ती किंवा वेग बदलला की ट्रिमही बदला, दर वेळी.

उतरणं

वेग १६० मैलांखाली आणा, चाकं खाली घ्या, हिरवा दिवा बघा, आरपीएम लीव्हर पुढे करा. धावपट्टीच्या समांतर असतानाच वळायला सुरुवात करा आणि ते वळण जवळजवळ शेवटपर्यंत चालू ठेवा. सरळ लांबून आलात तर ते लांब नाक धावपट्टी पूर्ण झाकतं. वळणात ती पंखाच्या बाजूने दिसत राहते, आणि डोकं हलवणारा वेबकॅम इथेच कामाला येतो. फ्लॅप टाका, वेग १०० वर आणि अखेरीस ९५ वर. फ्लॅप उघडले की नाक खाली जातं, तयार रहा.

धावपट्टीच्या काठावर सरळ व्हा, शक्ती हळूहळू काढा आणि विमान जमिनीपासून हातभर उंचीवर धरून ठेवा. स्टिक मागे, अजून मागे, तीनही चाकं एकदम टेकेपर्यंत. उडी बसली तर नाक खाली ढकलू नका. थोडी शक्ती द्या आणि पुन्हा धरा, किंवा सरळ परत वर जा. टेकल्यावर स्टिक पोटाशी ओढूनच ठेवा आणि पाय चालू ठेवा. स्पिटफायर धावपट्टीवर फिरून पंख मोडतं ते बहुधा ४० मैलांच्या खाली, ‘उतरलो एकदाचे’ म्हणून पाय सैल पडल्यावर. ब्रेक हवेच्या दाबावर चालतो: लीव्हर एकच, आणि डावं-उजवं पेडलच्या स्थितीवर ठरतं. हलकेच दाबा, नाहीतर विमान नाकावर उभं राहतं.

ए-३२०: हात थांबवायला शिका

मुंबईहून किंवा पुण्याहून विमानाने प्रवास केलेल्या बहुतेकांनी या विमानाच्या केबिनमध्ये तासन्‌तास काढलेले आहेत. पुढच्या दाराआडचं कामकाज मात्र वेगळं आहे. पहिल्या उड्डाणासाठी तुलूझ ब्लान्याक ते पॅरिस ऑर्ली घ्या. साधारण तासाभराचा प्रवास, आणि चढाई ते उतरण्यापर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. सिमब्रीफ या मोफत सेवेवर आराखडा बनवा आणि कॉकपिटमधल्या फ्लायपॅड टॅबलेटवर आणा.

सगळ्यात आधी त्याच टॅबलेटवर थ्रॉटल कॅलिब्रेट करा. ही पायरी टाळली की पुढचं काहीच नीट चालत नाही. एअरबसचा थ्रॉटल ठरावीक खाचांमध्ये चालतो: आयडल, क्लाइंब (चढाई), फ्लेक्स (उड्डाणासाठी कमी केलेली शक्ती) आणि टोगा (पूर्ण शक्ती). तुमचा साधा लीव्हर त्या खाचांशी जुळलेला नसेल तर विमानाला तो ‘क्लाइंबच्या जरासा मागे’ दिसतो आणि ऑटोथ्रस्ट (शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) पूर्ण शक्ती वापरत नाही. चढाई मंदावते, वेग पडतो. प्रत्येक खाचेला थोडी रुंद पट्टी द्या, आणि लीव्हरवर कागदी चिकटपट्टीच्या खुणा करा.

बॅटरी दोन्ही चालू, बाहेरची वीज उपलब्ध असेल तर ती. तीनही एडीआयआरएस (विमानाची जागा आणि दिशा मोजणारी यंत्रणा) नॅववर. संरेखनाला खऱ्यासारखी काही मिनिटं द्यायची की झटपट, हे टॅबलेटवर ठरवता येतं. एपीयू (शेपटीतलं छोटं पूरक इंजिन) मास्टर दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, स्टार्ट दाबा. एमसीडीयूमध्ये (उड्डाणाची माहिती भरायच्या कळपट्टी-पडद्यावर) आधी इनिट पान: कुठून-कुठे, उड्डाण क्रमांक, कॉस्ट इंडेक्स (वेळ आणि इंधन यांच्या खर्चाचं गुणोत्तर), उंची. मग फ्लाइट प्लॅन: धावपट्टी, निर्गमन मार्ग, आगमन मार्ग. मार्गात ‘डिसकंटिन्युइटी’ (तुटलेला दुवा) दिसली तर पुसा. ती राहिली तर विमान तिथून पुढे मार्ग सोडून सरळ निघून जातं. नंतर इनिटचं दुसरं पान: वजन आणि इंधन. हे आकडे टॅबलेटवर प्रत्यक्ष भरलेल्या वजनाशी जुळलेच पाहिजेत, नाहीतर सगळे वेग चुकतात. शेवटी परफॉर्मन्स पान.

इंजिन सुरू करताना दुसरं आधी, कारण पिवळी हायड्रॉलिक यंत्रणा त्याच्यावर चालते आणि पार्किंग ब्रेकचा दाब तिथून येतो. मोड सिलेक्टर इग्निशनवर, मास्टर २ चालू. स्थिरावलं की १. मग सिलेक्टर पुन्हा नॉर्मल, एपीयू ब्लीड बंद, स्पॉयलर (पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या) आर्म, फ्लॅप १, पिच ट्रिम, ऑटोब्रेक मॅक्स. टॅक्सीत सरळ रस्त्यावर २० नॉट, वळणावर १०.

उड्डाणाच्या वेळी लीव्हर आधी इतकाच पुढे न्या की इंजिनं ५० टक्क्यांवर येतील. दोन्ही इंजिनं सारखी झाली की फ्लेक्स खाचेत. ठरलेल्या वेगाला नाक सेकंदाला सुमारे ३ अंशांनी उचलत १५ अंशांपर्यंत न्या. आणि आता हात थांबवा. एअरबसची साइडस्टिक नाकाचा कोन मागत नाही, मार्ग मागते. सोडली की विमान आहे तो मार्ग धरतं, ट्रिम स्वतः करतं. वळताना ३३ अंशांपर्यंतचा झुकावही तसाच धरून ठेवतं. त्याहून जास्त दिला आणि स्टिक सोडली तर ते ३३ वर परत येतं. स्पिटफायरमधून आलेला वैमानिक इथे सतत दुरुस्त्या करत राहतो आणि विमान डोलायला लागतं. इलाज एकच: छोटा इशारा द्या, स्टिक सोडा, बघा.

वरच्या पट्टीवर ‘लिव्हर क्लाइंब’ लुकलुकलं की लीव्हर क्लाइंब खाचेत आणा, आणि उतरण्याच्या शेवटच्या क्षणापर्यंत तिथेच असू द्या. वेग कमी करावासा वाटला तर लीव्हरला हात लावू नका, वेगाची खुंटी वापरा. खुंटी आत ढकलली की निर्णय संगणकाचा, बाहेर ओढली की तुमचा.

युरोपात उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये असतो, आणि चढताना उंचीमापक प्रमाण दाबावर लावण्याची उंची देशागणिक वेगळी आणि बरीच खाली असते. जर्मनीत ५,००० फूट, नेदरलँड्समध्ये ३,०००. नकाशावर बघून ठेवा.

खाली येताना संगणकात अप्रोच फेज (उतरण्याचा टप्पा) चालू करायला विसरू नका. विसरलात तर संगणक २५० नॉट सोडत नाही आणि फ्लॅप काढायची सोयच उरत नाही. फ्लॅप १ ला मर्यादा २३० नॉट, २ ला २००, ३ ला १८५, पूर्ण फ्लॅपला १७७. जमिनीपासून ५० फुटांवर विमान नाकाचा कोन लक्षात ठेवतं आणि ३० फुटांखाली हळूहळू नाक खाली ढकलायला लागतं, जेणेकरून वैमानिकाला नेहमीसारखी स्टिक ओढावी लागेल. म्हणून ३० फुटांवर हलकं मागे घ्या आणि ‘रिटार्ड’ ऐकू आलं की लीव्हर आयडलवर. काही न करता बसलात तर आदळाल, आणि जोरात ओढलंत तर तरंगत अर्धी धावपट्टी संपवाल.

विगेन: जिथे स्टिक ओढायचीच नाही

वरची दोन अंगवळणी पडल्यावर डीसीएसमधलं स्वीडिश एजेएस ३७ विगेन जरूर घ्या. हे लढाऊ विमान महामार्गाच्या ५०० मीटर तुकड्यावर उतरता यावं म्हणून बनवलं गेलं. नेहमीच्या उतरण्यात पंखाचा वाऱ्याशी कोन १२ अंश धरायचा, आखूड पट्टीवर १५.५. रिव्हर्स थ्रस्टचं हँडल हवेत असतानाच ओढून ठेवायचं. पुढचं चाक दाबलं गेलं की रिव्हर्सर आपोआप उघडतो. त्यामुळे इथे फ्लेअर करायचं नाही (टेकण्याआधी नाक उचलायचं नाही). विमान आहे त्याच उताराने जमिनीवर ठेवायचं आणि नाक लगेच खाली आणायचं. टेकताना ए-३२० सारखं हलकं ओढलंत तर पुढचं चाक उशिरा टेकेल, रिव्हर्सर उशिरा उघडेल आणि रस्ता संपेल.

थेट हवामान आणि थेट वेळ लावून उडणार असाल तर फ्रान्स-जर्मनीची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. रात्री नऊला बसलात तर उन्हाळ्यात तुलूझमध्ये संध्याकाळचे साडेपाच आणि लख्ख उजेड. हिवाळ्यात तिथे साडेचार वाजलेले असतात, म्हणजे पॅरिसला पोचताना अंधार पडलेला असेल. पहिली काही उड्डाणं तरी दिवसाउजेडी होतील अशी वेळ धरा, किंवा सिम्युलेटरचं घड्याळ हाताने दुपारवर लावा.